फरशी झाली की बघू

३ एप्रिल

चि. मुंगी हिस थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद आणि एक तक्रार.

तक्रार आधी घेतो, कारण ओल्या मोज्यांनी दिलेले आशीर्वाद लागू पडत नाहीत असे माझे मत आहे. आज सकाळी कामावर निघालेल्या एका निरुपद्रवी, कर वेळेवर भरणाऱ्या मुद्रितशोधकाचे दोन्ही मोजे दवाने भिजले. घर ते फाटक एवढ्याच प्रवासात. दिवसभर तो छापखान्यात टेबलाखाली पायाची बोटे हलवत बसला आणि त्या अस्वस्थतेत एका पाककृतीच्या पुस्तकात ‘चिमूटभर मीठ’च्या जागी पडलेले ‘मूठभर मीठ’ त्याने तसेच जाऊ दिले. उद्या घरोघरी जेवणे खारट झाली तर ते पाप तुझ्या माथी, कारण हे गवत तुझे आहे.

चार इमारतींच्या मधला हा चौक म्हणजे पूर्वी गाड्यांचे झोपायचे ठिकाण होते. माणसे कडेकडेने, अंग चोरून जायची. आराखडा काढणारी म्हणून तू सोसायटीच्या सभेत उभी राहिलीस आणि म्हणालीस, गाड्या फाटकाबाहेर कडेला लावा, डांबर उखडा, पाणी जमिनीत मुरू द्या. थोड्या आरडाओरड्यानंतर इथवर सगळ्यांनी माना डोलावल्या. मग कोणीतरी विचारले, “पायवाटा कुठून कुठे काढणार?” आणि तू, माझी सख्खी बहीण, सगळ्यांसमोर म्हणालीस, “मी नाही काढणार. तुम्ही काढा. आधी नुसतं गवत लावू. तुमच्या पायांनी जिथे वाट पडेल, तिथेच फरशी बसवू.” एवढे बोलून तू दुसऱ्या शहरातल्या नव्या नोकरीवर निघून गेलीस, चौकाचा आराखडा बरोबर घेऊन. मागे उरलो आम्ही, गवत आणि फाटकावरची पाटी: ‘हवे तिथून चाला.’

वहिनी कशी आहे, असे तू पुन्हा विचारले आहेस. उत्तम आहे. हाड जुळले. डॉक्टर म्हणतात, आता चालाल तेवढे बरे. पण पडल्यापासून ती उंबरठ्याच्या बाहेर गेलेली नाही. “वॉकर गवतात रुततो हो,” म्हणते. “फरशी झाली की बघू.” आणि हे योग्यच आहे. जिने अर्ध्या शहराचे टपाल पायी वाटले, जिच्यामागे बाजारात मी धापा टाकत पळालो, तिला चालण्याविषयी मी काय सांगणार? टपाल कचेरीने रजा वाढवून दिली आहे. तस्मात् आपल्या दाराशी वाट पडली की फरशी, आणि फरशी झाली की वहिनी बाहेर. सगळे सरळ आहे. मी काळजी करत नाही.

तुझा,
दादा

*

२० मे

चि. मुंगी,

तुझा प्रयोग यशस्वी होत आहे, असे कळवताना मला दुःख होते. सगळे रहिवासी फसवणुकीत गुंतले आहेत.

सुरुवात समोरच्या इमारतीतल्या वकिलांनी केली. भल्या सकाळी डोंगर चढायचे जाडजूड बूट घालून ते स्वतःच्या दारापासून फाटकापर्यंत जातात, गर्रकन वळतात आणि त्याच रेषेत परत येतात. मी विचारले, “वकीलसाहेब, हे काय चाललंय?”

“व्यायाम.”

“एकाच रेषेत?”

“मी सरळमार्गी माणूस आहे, शास्त्रीबुवा.”

(हो, मला अजून शास्त्रीबुवाच म्हणतात. एकदा सभेत ‘तथापि’ म्हणालो होतो, ते भोवले.)

बेकरीवाल्या मावशींची तऱ्हा वेगळी. त्यांचे दुकान रस्त्याकडे तोंड करून होते. त्यांनी चौकाकडची मागची खिडकी उघडली आणि गरम पाव तिथून द्यायला लागल्या. झाले. फाटकातून येणारा प्रत्येक माणूस नाकामागे तिरका चालत थेट खिडकीशी. तिथले गवत आता आठवणीतच उरले आहे.

“मावशी,” मी म्हणालो, “ही मतदारांना लाच झाली.”

“लाच फुकट असते. मी पैसे घेते,” असे म्हणून त्यांनी माझ्याकडूनही घेतले.

ज्याने हे गवत पेरले तो माळी संध्याकाळी येतो आणि कपाळाला हात लावून उभा राहतो. तुडवण्यासाठीच पेरायचे आहे, हे त्याला कोणी आधी सांगितलेच नव्हते, बिचाऱ्याला.

आता एक गोष्ट कबूल करतो, पण ती तुझ्या साहेबांना दाखवू नकोस. चौक बरा झाला आहे. मधल्या मोठ्या झाडाखाली तू ठेवलेला बाक संध्याकाळी रिकामा नसतो. मागच्या आठवड्यातल्या वळवाच्या सरीचे पाणी कुठे साचले नाही. जमिनीने ते पिऊन टाकले. वकील आणि मावशी एकमेकांच्या वाटेवर लबाडीचा आरोप करतात, म्हणजे निदान बोलतात तरी. पूर्वी ते गाडीच्या काचेआडून मान हलवत.

राहता राहिला आपला कोपरा. इथे गवत माझ्या पोटऱ्यांना लागते आहे. वरच्या मजल्यांचा जिना पलीकडून आहे, त्यामुळे इकडून जातो मी एकटा, तोही सकाळी एकदा आणि संध्याकाळी एकदा. आणि माझे वजन तुला माहीत आहे. माझ्या मागे गवत लगेच उठून उभे राहते, जणू कोणी गेलेच नाही.

मुद्रितशोधकाचा धंदाच चुका काढण्याचा, म्हणून तुझ्या पद्धतीतली एक काढतो. गवत फक्त चालणाऱ्यांचे ऐकते. जो घरात बसला आहे त्याचे म्हणणे त्याला कळत नाही. वाट नाही म्हणून तुझी वहिनी बाहेर येत नाही, आणि ती बाहेर येत नाही म्हणून वाट पडत नाही. न्यायशास्त्रात याला अन्योन्याश्रय दोष म्हणतात. आमच्या घरात याला रोजचा दिवस म्हणतात.

तेव्हा आराखड्यात आपल्या दारापासून झाडाखालच्या बाकापर्यंत एक छोटीशी रेघ ओढून टाक. कोणाला कळणार आहे?

दादा

*

९ जून

चि. मुंगी,

तुझे उत्तर पोचले. “नियम सगळ्यांना सारखा, दादा. भावाच्या दाराशी मी कागदावर रेघ ओढली तर उद्या वकीलकाका मला उभी सोलतील, आणि ते बरोबर असेल. वहिनीला बाहेर काढ ना तू.” वाचून मला तुझा अभिमान वाटला आणि तुझा कान पिळावासा वाटला. दोन्ही एकाच वेळी वाटण्याची सोय भावांनाच असते.

वहिनीला बाहेर काढ, हे लिहायला सोपे आहे. मी दुसरा मार्ग पत्करला. तो सांगतो, हसलीस तरी चालेल.

परवा पहाटे, ती झोपेत असताना, मी तिचा वॉकर उचलला आणि बाहेर पडलो. वॉकरच का? कारण वाट तिच्या मापाची पडायला हवी. मी नुसता चाललो तर बोटभर रेघ उमटेल. वॉकरची चौकट रुंद, तिला वळायलाही जागा लागते. शिवाय मधला उंचवटा तिला चढवणार नाही, म्हणून त्याला वळसा घालून जायचे. अशा पूर्ण शास्त्रोक्त विचाराने मी वॉकर पुढे टेकवत, एकेक पाऊल टाकत झाडापर्यंत गेलो आणि परत आलो. मग पुन्हा. काल पुन्हा. गवत वाकू लागले होते. मला स्वतःचे कौतुक वाटायला लागले होते, आणि तेवढ्यात समोरून बूट आले.

“शास्त्रीबुवा! अहो, हे काय झालं?”

“काही नाही. व्यायाम.”

“वॉकर घेऊन?”

आता मी काय सांगणार? बायकोच्या नावाने खोटी वाट पाडतो आहे म्हणून? तीही कोणासमोर, तर स्वतः खोटी वाट पाडायला निघालेल्या वकिलासमोर? मी म्हणालो, “जरा… कंबर.”

“अरेरे,” वकील म्हणाले. “बसून बसून होतं हो. छापखान्यावर दावा ठोकूया का?”

मी नको म्हणालो. त्यांनी मला हाताला धरून, अगदी सांभाळून, घराच्या पायरीपर्यंत आणून सोडले. त्यांच्या बुटांमुळे वाट थोडी रुंद झाली, हा त्यातला लाभ.

वहिनीची तब्येत उत्तम.

दादा

*

१ जुलै

चि. मुंगी,

माझ्या कंबरेची बातमी वकिलांकडून बेकरीच्या खिडकीत गेली. त्यानंतर ती छापायची गरज उरली नाही.

पहिल्या आल्या मावशी. हातात गरम पावाची पिशवी. दार तुझ्या वहिनीने उघडले.

“शास्त्रीबुवांना बसता येतं का गं?”

“बसता? मावशी, ते खुर्चीवरून उठत नाहीत, एवढाच त्यांचा आजार आहे.”

“अगं, पण वॉकर…”

मी आतल्या खोलीत पुस्तकाच्या मागे होतो. पुस्तक उलटे होते. लग्नानंतर मी ओळखायला शिकलो आहे अशा एका स्वरात हाक आली, “अहो, जरा बाहेर येता का?”

मी गेलो. ठणठणीत चालत गेलो, हेच चुकले. मावशींनी माझ्याकडे पाहिले, वॉकरकडे पाहिले.

“माझा वॉकर घेऊन कुठे जात होतात?”

मग सगळे सांगावे लागले. वाट, मापाची चौकट, उंचवट्याला वळसा, तुझे रेघ ओढायला नाही म्हणणे, सगळे. सांगून संपले तेव्हा मावशी भिंतीला टेकून हसत होत्या, आणि तुझी वहिनी, मुंगे, डोळ्यांना पाणी येईपर्यंत हसत होती. “वळताना मागे बघितलंत का? मी वळताना आधी मागे बघते,” असे विचारत होती. मी बघितले नव्हते. ती पुन्हा हसायला लागली. पडल्यानंतर असे हसणे या घरात पहिल्यांदा ऐकले.

मला वाटले होते, खरे कळल्यावर लोक येणे थांबवतील. झाले उलटेच. ज्याला त्याला वॉकरवाला माणूस बघायचा होता. दुसऱ्या दिवशी वकील आले, चिडून. “तुम्ही माझ्याशी खोटं बोललात!” म्हणाले आणि खोट्याची चौकशी करायला म्हणून बसले ते जेवायची वेळ होईतो उठले नाहीत. आता ते रोज येतात. त्यांना तुझ्या वहिनीशी पत्ते खेळायचे असतात. ती पानांत लबाडी करते आणि त्यांना पकडता येत नाही, याचे त्यांना व्यावसायिक दुःख आहे. मावशी दुपारी खिडकी बंद झाली की येतात. तिच्या टपाल कचेरीतल्या मैत्रिणी आल्या. ज्यांची नावे मला ठाऊक नाहीत अशी वरच्या मजल्यावरची माणसेही “कंबर कशी आहे?” असे गंभीर चेहऱ्याने विचारून जातात.

या सगळ्यांना पाय आहेत. आपल्या कोपऱ्यातले गवत गेले, मुंगे. आता माती दिसते. मी दारात उभा राहून ती बघतो, आणि कोणी येताना दिसले की आधी त्याचे पाय बघतो.

एक गोष्ट लिहावी की नाही, याचा विचार करत होतो. परवा सगळे गेल्यावर ती खिडकीशी बसली होती. मी म्हणालो, “पडली बघ वाट. आता फरशी आलीच.” ती बाहेर बघत म्हणाली, “खरं सांगू? त्या दिवशी पडले ना, इथेच चौकात, दोन गाड्यांच्या मधे. माणसं जात होती हो. गाडीखालून मला त्यांचे बूट दिसत होते. मी हाका मारत होते. आवाज कुठून येतोय, कोणाला कळलंच नाही.” मग म्हणाली, “चहा टाकू?”

मी टाक म्हणालो. चहा चांगला झाला होता.

दादा

*

२६ जुलै

चि. मुंगी,

तुझ्या कचेरीतला लंबू येऊन गेला. गच्चीवरून फोटो घ्यायचे म्हणून त्याला शिडी देऊ केली, तर त्याला तिची फारशी गरज दिसली नाही. कठड्यापाशी नुसता उभा राहिला तरी चौक दिसत असावा.

त्याच्या मागे अख्खी सोसायटी वर गेली. निकालाच्या दिवशी जमतात तशी. वकिलांनी डोंगरी बूट घातले होते, का ते त्यांनाच ठाऊक. वरून सगळे स्पष्ट दिसत होते: फाटकापासून बेकरीच्या खिडकीपर्यंतची तिरकी वाट, त्यातून फुटलेली वकिलांची काटेकोर रेषा, झाडाकडे जाणाऱ्या दोन-तीन वाटा. आणि आपल्या दाराशी गेलेली एक ऐसपैस, उंचवट्याला वळसा घालणारी, मधे जरा फुगलेली. तिथे वकील आणि मावशी भेटले की उभ्याउभ्या भांडतात.

लंबूने त्या वाटेकडे बोट दाखवून विचारले, “इथे काय आहे? दवाखाना?”

“नाही, शास्त्रीबुवांचं घर,” मावशी म्हणाल्या.

“मग इतकी माणसं कशाला जातात?”

यावर वकील म्हणाले, “त्यांची कंबर दुखते,” आणि गच्चीवर जो हशा पिकला, तो खाली खिडकीत बसलेल्या तुझ्या वहिनीपर्यंत पोचला असावा. कारण तिने वर बघून हात हलवला. सगळ्यांनी हात हलवले. मीही हलवला.

लंबू म्हणाला की वाट मंजूर होईल. नियमाने होईल, कोणाच्या मेहरबानीने नाही. हे मी तुला मुद्दाम कळवतो आहे.

दादा

*

१८ सप्टेंबर

चि. मुंगी,

फरशी झाली.

सविस्तर लिहितो, कारण तू फोटोवर विश्वास ठेवतेस आणि फोटोत आवाज येत नाही. फरश्यांच्या मधे बोटभर फट ठेवली आहे, पाणी मुरायला. परवा पाऊस पडून गेला तेव्हा सगळे वाकून त्या फटींकडे बघत होते आणि पाणी आत जाताना “गेलं, गेलं” म्हणत होते. गाड्या फाटकाबाहेर उभ्या करण्याविरुद्ध ज्यांनी सभेत सर्वांत जास्त आरडाओरडा केला होता, ते दातांचे डॉक्टर आता आलेल्या पाहुण्यांना तुझा आराखडा स्वतःच्या कल्पनेसारखा समजावून सांगतात. मी चूक दुरुस्त करत नाही. सुट्टीच्या दिवशी मी काम करत नाही.

आपल्या वाटेची रुंदी वॉकर आणि शेजारून एक माणूस जाईल एवढी आहे. दाराशी पायरी होती, तिथे आता सौम्य उतार आहे. पहिला मान घ्यायला वकील साध्या चपला घालून आले. झाडापासून आपल्या दारापर्यंत चालत आले आणि म्हणाले, “वहिनी, मार्ग मोकळा आहे. कागदपत्रं स्वच्छ.” मावशींनी बाकावर तिच्यासाठी एक जागा धरली आहे, तिथे कोणी बसले तर त्या खिडकीतून ओरडतात.

तुझी वहिनी दारापर्यंत आली. वॉकरचा पाय फरशीवर टेकवून बघितला. “सांधे छान बसलेत,” म्हणाली. लंबूची चौकशी केली. मग वळली, आत गेली आणि पाहुण्यांसाठी चहा टाकला.

याला आठवडा होऊन गेला. ती आनंदात आहे, खोटे सांगत नाही. पत्ते चालू आहेत, हसणे चालू आहे, माणसे येतात. “वहिनी, बाकावर कधी येताय?” असे प्रत्येक जण विचारतो आणि ती प्रत्येकाला काहीतरी गमतीचे उत्तर देते. फक्त ‘बघू’ म्हणायचे तिने सोडले आहे.

मुंगे, वाट नव्हती तोवर मला बरे होते. करायला काहीतरी होते. गवताशी भांडायला होते, तुझ्याशी भांडायला होते, लबाडी करायला होती. तिलाही सांगायला काहीतरी होते, आणि मला ते खरे धरता येत होते. आता ते काही उरले नाही. तू तुझे काम चोख केलेस. शेजाऱ्यांनी त्यांचे केले. उरलो आहे मी, आणि मी तिला अजून एकदाही “चल” म्हणालेलो नाही. रोज संध्याकाळी घरी येतो, तिच्या शेजारी बसतो, तोंड उघडतो आणि छापखान्यातले काहीतरी सांगतो.

तू दर पत्रात वहिनीविषयी विचारतेस आणि मी एका शब्दात उत्तर देतो. तो शब्द या वेळी लिहीत नाही. तिला भीती बसली आहे. तिथे पुन्हा पडू आणि कोणाला दिसणार नाही, ही. आणि मला भीती वाटते की मी “चल” म्हणेन, ती “नाही” म्हणेल, आणि मग आम्हा दोघांनाही कळेल की ती पुन्हा कधीच बाहेर येणार नाही.

दादा